पाकीट चांगलं आहे

ऑक्टोबरात मी आमच्या गायकवृंदातल्या एकवीस जणांना
नवं गाणं पाठवलं, चार आवाजांत मांडलेलं,
एकतीस मेगाबाइटचं,
ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं
त्याच्या पोटातून नाळेसकट काढलेलं.
फाईलचं नाव: नवं_शेवटचं_खरंच_शेवटचं_३.
पाठवलं, आणि हात झटकले.

हिल्लारचं उत्तर तिसऱ्या दिवशी.
"पत्र मिळालं. उघडलं नाही.
पाकीट चांगलं आहे."

हिल्लार आमचा बास. वय एक्याऐंशी.
सारेमाच्या फेरीबोटींच्या इंजिनांत त्याची हयात गेली,
अजून 'आ' लावला की आधी थोडं डिझेल जळतं.
मी हसले. उलट लिहिलं:
डाउनलोड कर, राइट क्लिक कर, ओपन विथ म्हण.
शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या बाईचं लिहिणं ते,
ज्याला येत नाही त्याचंच चुकतं
असं धरून चालणारं.

नोव्हेंबर. चारलाच अंधार.
तालमीला तो यायचा, डावीकडे उभा राहायचा
हातात कागद धरून.
डिसेंबरात एकदा खडू उचलायला वाकले
तेव्हा दिसला मला तो कागद:
फेरीबोटीचं उन्हाळी वेळापत्रक.
काल्यूच्या ओठांकडे बघत
तो अर्ध्या मात्रेनं मागून गात होता
सात आठवडे, इतक्या सफाईनं
की कुणाला पत्ता नाही.
मलाही नाही. मी तर त्याच्याकडे तोंड करून उभी.

रविवारी त्याच्या घरी गेले.
नातवानं टाकून दिलेला कॉम्प्युटर, फोनवरून मिळणारं इंटरनेट,
खिडकीत सुकवलेला मासा.
आणि पडद्यावर माझं गाणं:
कोपरा दुमडलेला एक पांढरा कागद,
आत काहीच नाही.
त्यानं तो माझ्यासमोर दोनदा दाबला,
मग पुन्हा, हळूच,
झोपलेल्या घराचं दार वाजवावं तसा.

घरी येऊन सगळं पुन्हा केलं.
बासच्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढल्या, मोठ्या ठशात,
साधी पीडीएफ, दोन पानं,
कुठल्याही यंत्राच्या घशाखाली उतरेल एवढी.
नाव: हिल्लार_बास.
आणि मेलमध्ये:
"दोनदा दाब. उघडेल.
नाही उघडलं तर फोन कर, चूक माझी."
हे शेवटचे दोन शब्द लिहायला
बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

जानेवारीत तो मात्रेवर आला.
काल्यू म्हणाला, आज म्हातारा घाईत आहे.

फेब्रुवारीत त्याची मेल. विषय कोरा.
"हेल्वे आहे यात. तुला उघडतंय का बघ."
सोबत एक फाईल, शेपटीला तीन अक्षरं
जी मी जन्मात पाहिली नव्हती.
त्याच्या बायकोचा डिक्टाफोन कधीच मोडला होता,
तो बनवणारी कंपनीही.
दोनदा दाबलं.
पांढरा कागद. दुमडलेला कोपरा.
राइट क्लिक केलं. ओपन विथ म्हटलं.
कशासोबत?
तीन संध्याकाळी मी त्या कागदासमोर बसले
आणि माझीच ऑक्टोबरातली मेल मला ऐकू येत राहिली.

शेवटी कुरेसारेच्या ग्रंथालयातल्या ऑटनं,
दाढी नीट न फुटलेल्या पोरानं,
ते कवच फोडलं.
दोन मिनिटं अकरा सेकंद.
स्वयंपाकघरात एक आल्टो आवाज ओळ घोकतोय,
तिसऱ्या सुरावर अडतोय, पुन्हा, पुन्हा अडतोय,
मग गाणं सोडून म्हणतो,
"हिल्लार, दार लाव, वारा येतोय."

मी ती साध्यात साध्या रूपात बांधली,
नाव दिलं हेल्वे_आल्टो,
पाठवण्याआधी शेजारणीच्या जुन्या फोनवर उघडून पाहिली,
मग माझ्या,
मग शाळेतल्या त्या खडखड्यावर.

नऊ दिवस उत्तर नाही.
दहाव्या दिवशी एक ओळ:
"उघडलं. मग उठून दार लावलं."